अम्माचं पंधरावं वर्ष

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, ऑफिसातली आठवड्याची बैठक चालू असताना, माझ्या फोनवर सूचना आली.

‘आपल्या पाल्य राजेश्वरी (अंदाजे वय १५) यांच्याशी एक नात्याबाहेरचा प्रौढ पुरुष (वय ५७) चार महिन्यांपासून संपर्कात आहे. एकूण संदेश २१२. ताज्या संदेशात प्रत्यक्ष भेटीचा विषय आढळला. संपर्क चालू ठेवण्यास आपली परवानगी आहे का? बहात्तर तासांत उत्तर न आल्यास संपर्क बंद केला जाईल.’

खाली तीन बटणं होती. हो. नाही. संदेश पाहा.

राजेश्वरी यन्नम ही माझी आई. तिचं वय बावन्न आहे. ती सोलापुरात विडी कामगारांच्या वसाहतीत राहते आणि गेली सदतीस वर्षं विड्या वळते. तिला पाल्य आणि मला तिची पालक करणारं यंत्र ज्यांनी बनवलं, त्यांच्यात मीही होते. हे कसं झालं ते आधी सांगायला हवं.

बालकांच्या ऑनलाइन संरक्षणाचा कायदा आला तेव्हा मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. कायद्याचा हेतू चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना काही गोष्टी दिसू नयेत, अनोळखी मोठ्या माणसांनी त्यांना गाठू नये, एवढंच त्याचं म्हणणं. अडचण अशी की फोनच्या पलीकडे मूल आहे की मोठं माणूस, हे ओळखायचं कसं? प्रत्येक ठिकाणी ओळखपत्र मागितलं तर कोण काय वाचतो याची नोंद नावानिशी साठत जाणार. चेहरा मागितला तर त्याहून वाईट. आमच्या कंपनीने, तिचं नाव ‘वयोमान’, तिसरा रस्ता काढला. बोटं.

आपण काचेवर बोट टेकवतो तेव्हा बरंच काही घडतं. बोट किती मिलिसेकंद टेकलं, दोन स्पर्शांमध्ये किती वेळ गेला, सरकवताना रेघ किती वाकली, हे सगळं फोनला कळतं. प्रत्येक हाताला सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारा बारीक कंप असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण मोजता येतो. लहान मुलाचं बोट घाईचं आणि अनियमित असतं. वय वाढतं तसं ते जास्त वेळ टेकून राहतं, उशिरा उचललं जातं. दोनशेक स्पर्श मिळाले की आमचं मॉडेल वय सांगायचं, तीनेक वर्षं इकडेतिकडे. नाव नको, फोटो नको. मला या कामाचा अभिमान होता.

सगळ्यात अवघड पट्टा तेरा ते अठराचा. पंधरा वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांची बाई यांची बोटं जवळजवळ सारखीच चालतात. तिथे मी एक गोष्ट शोधून काढली. काही मुलींच्या नमुन्यांत एक जोडठोका दिसायचा: अंगठा टेकायचा, किंचित मागे यायचा, आणि नव्वद मिलिसेकंदांच्या आत पुन्हा हलकाच टेकायचा. मोठ्यांच्या नमुन्यांत तो जवळपास नव्हताच. मी त्याला ‘किशोर-ठेका’ असं नाव दिलं, वाढत्या वयातल्या मज्जासंस्थेशी त्याचा संबंध असावा असा तर्क मांडला, आणि त्यावर माझा पहिला शोधनिबंध छापून आला. कंपनीने मला कायम केलं. आमचे विभागप्रमुख वर्तक सर यांनी त्या दिवशी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले.

कायदा प्रत्यक्षात लागू झाला तो तीन वर्षांनी, मार्चमध्ये, आणि तिसऱ्याच दिवशी अम्मा पंधरा वर्षांची झाली.

सुरुवातीला आम्ही दोघी हसलो. ती फोनवर म्हणाली की पंधराव्या वर्षी तिच्या आईने तिला विड्या वळायचं पहिलं सूप हातात दिलं होतं, आता परत शाळेत घालणार असशील तर सांग. मी तक्रारीचा रस्ता शोधायला गेले आणि अडकले. वय चुकलं असेल तर ओळखपत्र दाखवता येत होतं, पण फक्त प्रौढांना. मुलांकडून ओळखपत्र घेणं कायद्यानेच बंद केलं होतं, आणि यंत्राच्या मते ती मूल होती. मुलाच्या वतीने फक्त पालक बोलू शकतो, आणि पालक व्हायचं तर पाल्य मूल आहे हे आधी मान्य करावं लागतं. मी दोन मिनिटांत सही करून पालक झाले. तेवढ्याने फोन तरी चालू झाला.

अम्माचा फोन बंद राहून चालणार नव्हतं. आमच्या गल्लीत एक पद्धत आहे. दुपारी वीस-बावीस बायका समाजमंदिराच्या सावलीत सुपं घेऊन बसतात, आणि त्यांतली एक जण विड्या न वळता मोठ्याने वाचते. बातम्या, युनियनच्या सूचना, एखादी कादंबरी. वाचणारीचा त्या वेळेचा खाडा पडू नये म्हणून बाकीच्या प्रत्येकीने आपल्यातल्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकायच्या. ही पद्धत कोणी सुरू केली ते माहीत नाही. गेली बारा वर्षं वाचणारी अम्मा आहे. गल्लीत बारावी झालेली ती पहिली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण वाचते ती मराठी, आणि स्वच्छ वाचते. शेजारच्या पोरीने तिचं वाचन नेटवर टाकायला सुरुवात केली तेव्हापासून बाहेरगावचे लोकही ऐकू लागले.

पंधरा वर्षांच्या अम्माला त्यातलं बरंचसं दिसेनासं झालं. तंबाखूचा उल्लेख असलेली पानं बंद, म्हणून युनियनचं पान बंद. कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात एक आत्महत्या होती, तिथून पुढची प्रकरणं बंद. धरणाखालच्या गावात मारामारी झाली ती बातमी बंद. प्रत्येक गोष्टीसाठी मला विनंती यायची आणि मी जेवणाच्या सुट्टीत एकामागून एक ‘हो’ दाबायचे. कधी बैठक लांबली की दुपार उलटून जायची. बायका तोवर नुसत्याच वळत बसायच्या.

एप्रिलमध्ये एक विनंती आली: गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलचं पान. मी ‘हो’ दाबलं नाही. मी घाबरले आणि तिला लागोपाठ तीन फोन केले. तिने शांतपणे सांगितलं की ते तिच्यासाठी नव्हतं, शेजारच्या शांताक्कासाठी होतं. शांताक्काही पंधरा वर्षांची झाली होती, आणि तिचा पालक तिचा मुलगा. त्याच्याकडे असल्या पानाची परवानगी कशी मागणार, म्हणून ती अम्माकडे आली होती.

“आता ती माझ्याकडेही यायची नाही,” अम्मा म्हणाली. रागाने नाही. चहात साखर कमी पडली हे सांगावं तसं.

पुढच्या आठवड्यात विनंत्या आल्या चार. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकही नाही. मला वाटलं, सवय झाली तिला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कामात व्यत्यय नव्हता.

आणि मग ही शुक्रवारची सूचना.

मी बैठकीतून बाहेर आले, जिन्यात उभी राहिले आणि ‘संदेश पाहा’ दाबलं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. अम्माला फसवणारा कोणी असेल, असं मी स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं होतं.

त्या माणसाचं नाव नागनाथ बुर्ला. मूळचा सोलापूरचाच, तीस वर्षं भिवंडीत. यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. पहिला संदेश असा होता: ‘ताई, वाचन छान. पण कादंबरीत धोटा फिरतो असं आहे, ते चूक. धोटा फिरत नाही, धावतो. लेखकाने माग पाहिला नसावा. राग मानू नये.’ त्यावर अम्माचं उत्तर: ‘राग नाही. उद्या धावतो असं वाचेन.’ आणि तिने खरंच तसं वाचलं होतं. पुढे त्याचे गुडघे, तिचं खोकणं, लिंबाचं लोणचं काळं पडतं ते का, एका मागाचा आवाज आणि दुसऱ्याचा यांतला फरक. मी अकरा संदेश वाचले. अकरावा म्हणजे शेवटचा, आदल्या दिवशीचा.

‘जूनच्या दुसऱ्या रविवारी पुतणीच्या लग्नाला सोलापुरास येत आहे. तुमचं वाचन एकदा समोर बसून ऐकलं तर चालेल का? नको असल्यास नको म्हणावे. मी वाईट वाटून घेणार नाही.’

त्याखाली अम्माच्या फोनवर करडी पट्टी आली होती: उत्तर पालकांच्या परवानगीनंतर पाठवता येईल.

मी फोन बंद केला. माझे कान तापले होते. लहानपणी मी काय वाचते हे अम्माने एकदाही विचारलं नव्हतं. पुस्तक उघडं दिसलं की ती पलीकडच्या खोलीत जाऊन वळायला बसायची, म्हणजे तेंदूपानं कापायच्या कात्रीचा आवाज मला नको. मी कुठलंच बटण न दाबता शनिवारी सकाळची पुणे-सोलापूर गाडी पकडली.

दुपारी दोनला मी समाजमंदिरापाशी पोचले तेव्हा सगळ्या सावलीत बसलेल्या होत्या. शांताक्काने मला लांबूनच पाहिलं आणि, आल्या बाई राजक्काच्या पालक, प्रगतिपुस्तक दाखवा गं त्यांना, असं मोठ्याने जाहीर केलं. मग सगळ्यांनी आपापली गाऱ्हाणी सांगितली. गल्लीतल्या बावीसपैकी एकोणीस जणी अल्पवयीन ठरल्या होत्या. खुद्द शांताक्काच्या नवऱ्याने ‘येताना दही आण’ असा निरोप धाडला तर तिच्या मुलाला सूचना गेली की एक साठीचा पुरुष तुमच्या पाल्याला काहीतरी आणायला सांगतो आहे. मुलाने तीन तास परवानगी दिली नाही, मुद्दाम.

अम्मा हसत नव्हती. तिने मला बाजूला बसवलं, सूप मांडीवरून उतरवलं नाही.

“वाचलंस?”

“अकरा वाचले.”

“कुठले?”

मी सांगितले.

“म्हणजे मधले चांगले राहिले,” ती म्हणाली. नागनाथरावांचे संदेश ती दुपारी सगळ्यांना वाचून दाखवत असे, हे मला तेव्हा कळलं. शेवटचा तेवढा दाखवला नव्हता.

मी म्हटलं, मी आत्ता ‘हो’ दाबते, तू त्यांना उत्तर लिही, विषय संपला. तिने मान हलवली. मी समजावलं की सोमवारी अकरा दहाला मुदत संपते; मग त्यांच्या फोनवर जाईल की संपर्क पालकांच्या इच्छेने बंद केला आहे. त्यांना वाटेल की मुलीने नाही म्हटलं.

“वाटू दे.”

“अम्मा, एक बटण आहे फक्त.”

“तू आज हो म्हणशील,” ती म्हणाली. “तू चांगली आहेस, रोजच हो म्हणशील. पण मी जे लिहीन ते तुला दिसेल, आणि तुला दिसेल म्हणून मी निराळं लिहीन. दोन महिने तेच करतेय. एखादी गोष्ट वाचावीशी वाटते, मग वाटतं, भार्गवीला काय वाटेल, आणि राहू देते. हे तुला सांगितलं नाही, कारण तू सही केली होतीस ती माझ्यासाठीच केली होतीस.”

शांताक्का ऐकतच होती. ती म्हणाली की एवढं कशाला, माझ्या मुलाचा फोन घे आणि चार शब्द लिहून टाक त्या जॉबरला, कोणाला कळतंय.

“पंधराची असते तर चोरून बोलले असते,” अम्मा म्हणाली. “मी बावन्नची आहे.”

आणि विषय संपल्यासारखी ती विडी वळू लागली.

मी तिच्या हातांकडे बघत बसले. जन्मापासून पाहिलेले हात, पण कामाच्या नजरेने कधी पाहिले नव्हते. डाव्या हातात कापलेलं पान, त्यावर चिमूटभर जर्दा, दोन्ही अंगठ्यांनी एक वळसा. मग उजवा अंगठा टोकाशी येतो, दाबतो, किंचित मागे येतो, आणि पान आत खोचायला पुन्हा हलकाच टेकतो.

मी तिला पुन्हा करायला सांगितलं. मग आणखी एकदा.

पिशवीतून लॅपटॉप काढला, आमची चाचणी चालवली आणि तिच्या हातात फोन देऊन काहीही लिहायला सांगितलं. तिने लोणच्याची कृती लिहिली. पडद्यावर आलेख उमटत गेला आणि त्यात जोडठोका होता, चौऱ्याऐंशी मिलिसेकंदांचा, इतका सुबक की माझ्या शोधनिबंधातल्या आकृतीवर ठेवला असता तर रेघ रेघेवर बसली असती. सदतीस वर्षं दिवसाला हजार विड्या वळलेला अंगठा काचेवरही पान खोचत होता. मी शांताक्काला लिहायला लावलं, तिच्या जावेला, आणखी सहा जणींना. सगळ्यांकडे तोच ठेका.

मग प्रश्न उरला की पंधरा वर्षांच्या मुलींच्या नमुन्यांत विड्या वळणाऱ्या बायकांचा अंगठा आला कुठून. मी नोंदी उघडल्या. किशोर-ठेका असलेले नमुने जवळजवळ सगळे एकाच गठ्ठ्यातले होते. गठ्ठा सोलापूरचा. गोळा करणारी विद्यार्थिनी: भार्गवी यन्नम.

तीन वर्षांपूर्वी, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी, मी वीस फोन अम्माकडे ठेवून परीक्षेसाठी पुण्याला परत गेले होते. गल्लीतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींनी त्यावर फुगे फोडायचा एक खेळ खेळायचा, एवढंच काम होतं.

“अम्मा, तेव्हा तो फुग्यांचा खेळ कोण खेळलं?”

सगळ्या एकदम कामात गढल्या. कात्र्यांचा तेवढा आवाज येत होता.

अम्मानेच सांगितलं. मुलींच्या आयांनी ऐनवेळी नकार दिला होता. पोरींची बोटं कुठल्या कंपनीकडे जाणार, तिथे त्यांचं काय होणार, कोण बघणार, आपल्या पोरी नकोत असल्या भानगडीत, असं सगळ्यांचं मत पडलं. इकडे माझा रोज रडवेला फोन, की नमुने आले नाहीत तर वर्ष जाईल. मग त्यांनी एक तोडगा काढला. मुलींच्या नावावर आयांनीच खेळायचं. दोन दुपारी काम बंद ठेवून बावीस जणी फुगे फोडत बसल्या, प्रत्येकी पंधरा-सोळा वेळा.

“आणि मन लावून फोडले,” शांताक्का म्हणाली. “आम्हाला वाटलं, हात जितका सफाईने चालेल तितके तुला मार्क जास्त.”

मी हसू लागले आणि मग डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. मॉडेलची चूक नव्हती. त्याला जो फरक सगळ्यात स्पष्ट दिसला तो त्याने धरला. आपल्या मुलींना यंत्रापासून लांब ठेवण्यासाठी आयांनी आपली बोटं पुढे केली होती, आणि यंत्राने त्याच बोटांना कायमचं मूल ठरवलं होतं.

अम्मा विचारत होती की फार बिघडलं का. पण मला एक फोल्डर आठवलं होतं. वय चुकलंय अशा ज्या तक्रारी यंत्राने मूल ठरवलेल्यांकडून थेट यायच्या त्या ‘खोटे वयदावे’ या फोल्डरमध्ये आपोआप जात. मुलं वय वाढवून सांगतातच, म्हणून त्यांना उत्तर द्यायचं नाही, हा नियम मीच सुचवला होता. मी ते पहिल्यांदा उघडलं. एक्केचाळीस हजार तक्रारी. सिन्नरच्या विडीवाल्या, फुलांचे गजरे ओवणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या. ‘मला दोन नातवंडं आहेत.’ ‘माझं वय सत्तेचाळीस, मला डॉक्टरांचं पान बघायचं आहे.’ ‘साहेब, मी लहान नाही.’ मी बारा-पंधरा मोठ्याने वाचल्या. त्या दुपारी वाचणारी मी होते.

संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून मी अम्माला माझी बाजू सांगितली. नमुने माझ्यासमोर घेतले असं लिहून मी सही केली होती, आणि मी तिथे नव्हते. हे सांगितलं तर शोधनिबंध जाईल, नोकरी जाईल, पुन्हा या क्षेत्रात कोणी उभं करणार नाही. तिने क्षणभरही न थांबता सांगितलं की नाव माझं घे, माझ्या आईने फसवलं म्हणून सांग.

“तुझा जबाब चालणार नाही,” मी म्हटलं. “तू अल्पवयीन आहेस.”

तेव्हा ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली. मग माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, “तल्ली,” लाडात आली की ती मला असं म्हणते, “विडी वाईट वळली, छाट निघाली, तर ती छाटच. पंचवीसच्या कट्ट्यात मधोमध दडवली म्हणून चांगली होत नाही. पण नोकरी तुझी आहे. तू ठरव. मी काही बोलणार नाही.” आणि खरंच, सोमवारपर्यंत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

सोमवारी साडेदहाला मी वर्तक सरांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी आलेख दोनदा पाहिले, चष्मा काढला, आणि म्हणाले की तुझ्या आईचं खातं मी आज दुपारीच हाताने दुरुस्त करतो, गल्लीतल्या सगळ्यांचं करतो. बाकीचं पुढच्या आवृत्तीत, दिवाळीनंतर, गाजावाजा न करता. मी एक्केचाळीस हजारांचा आकडा सांगितला. त्यांनी टेबलावरची एक फाइल माझ्याकडे सरकवली. आमच्या यंत्रामुळे वाचलेल्या मुलांची ती प्रकरणं होती. वरच्याच पानावर चौदा वर्षांची एक मुलगी, तिला भेटायला बोलावणारा बेचाळीस वर्षांचा पुरुष.

“ठेका काढला तर मॉडेल आंधळं होतं,” ते म्हणाले. “नवं शिकवायला दोन महिने. त्या दोन महिन्यांत हिच्यासारख्या किती निसटतील, सांग.”

मला ते सांगता आलं नाही. आजही येत नाही. मी एवढंच म्हटलं की सर, ते आंधळं आत्ताही आहे, फक्त आपल्याला ते बघतंय असं वाटतं. ज्या खऱ्या मुलींचा अंगठा असा चालत नाही त्यांना ते आजही मोठं समजून सोडून देत असेल. टेबलावर माझा फोन थरथरला. अकरा दहाला दहा मिनिटं कमी होती आणि शेवटची आठवण आली होती: हो, नाही, संदेश पाहा.

त्या दहा मिनिटांत मी काही केलं नाही, आणि त्याहून अवघड काम मी आजवर केलेलं नाही. एका स्पर्शात नागनाथरावांना उत्तर गेलं असतं. अम्माने नको म्हटलं होतं. मी हात मांडीखाली दाबून बसले. अकरा दहाला पडद्यावर अक्षरं आली: संपर्क बंद करण्यात आला आहे.

मग मी तिथूनच नियामक मंडळाला पत्र पाठवलं, सहीसकट. वर्तक सरांनी अडवलं नाही. दुपारी तीनला माझं ऑफिसचं कार्ड चालेनासं झालं.

नियामक मंडळाला नऊ आठवडे लागले. ते काढले कसे ते लिहीत नाही; मी सोलापूरला परत आले, एका ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळू लागले, आणि चौकशीच्या तीन तारखांना पुण्याला गेले. जूनचा दुसरा रविवार आला. वरातीचा बॅंड दोन गल्ल्या पलीकडे वाजत होता. अम्माने त्या दुपारी नेहमीची साडी नेसली, नेहमीच्या जागी बसली, आणि जे काही वाचायची मुभा होती ते, म्हणजे एका बेडकाची गोष्ट, बायकांना शेवटपर्यंत वाचून दाखवली. कोणी आलं नाही. शांताक्काने त्या दिवशी तिच्या सुपात दुप्पट विड्या टाकल्या.

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी ठेका मॉडेलमधून काढला गेला, आणि त्याबरोबर मंडळाने एक नियम घातला: ज्याला मूल ठरवलं आहे त्याचा ‘मी मोठा आहे’ हा दावा माणसाने वाचल्याशिवाय फेटाळायचा नाही. मी प्रयोगशाळेत मुलांना लोलक मोजायला शिकवत होते. फोनवर आलं: ‘राजेश्वरी यन्नम या आता आपल्या पाल्य नाहीत. त्यांची माहिती पाहण्याचा आपला अधिकार संपला आहे.’ तीन बटणं करडी झाली आणि मग ते पानच गेलं.

संध्याकाळी घरी आले तर अम्मा पायरीवर बसून फोनवर लिहीत होती. यंत्राने आता तिला सत्तेचाळीसची ठरवलं होतं आणि पाच वर्षं कुणाला द्यायची याची गल्लीत चर्चा चालू होती. मी जवळ बसले तशी ती लिहायची थांबली नाही, पण फोन किंचित पलीकडे वळवला.

मला उत्सुकता दाबता येत नाही. माझा तो स्वभावच आहे. नागनाथरावांनाच का, असं मी विचारलं. तिने हुंकार दिला. एवढ्या दिवसांनी काय म्हणतात ते, असंही विचारलं. तिने पुन्हा हुंकार दिला.

“आणि तू काय लिहिलंस?”

“कुकर लाव,” अम्मा म्हणाली. “दोन शिट्ट्या झाल्या की बंद कर.”

मी आत गेले आणि कुकर लावला. खिडकीतून तिची पाठ दिसत होती, आणि मान, फोनवर वाकलेली. ती मध्येच हसली. कशाला हसली ते मला माहीत नाही.